ताता इग्मेंचे हात

विन्ह पायऱ्यांशी आला की ताता इग्मेंचे हात कधी रिकामे सापडत नसत. एका हातात कॉफीचा पेला, दुसऱ्यात कोयता. कोयता नसला तर कोंबडा. कोंबडा नसला तर कोंबड्याचे दाणे. एकदा जवळ काहीच नव्हतं, तेव्हा त्यांनी पायरीवरचं मांजर उचललं. मांजर इतकं चकित झालं की ओरडायचंही विसरलं.

विन्ह वाकायचा. तळवा पुढे करून थांबायचा.

“ताता, हात द्या ना.”

“दिसत नाही का, कोंबडा आहे.”

विन्ह कोंबड्याकडे बघून मान लववायचा आणि विहिरीवर पाणी आणायला जायचा.

आमच्या गावात, सान पोन्सियानोत, हे सगळ्यांना माहीत होतं. बाकी कुणाला ताता हात देत नसत असं नाही. शाळेतून घरी जाणाऱ्या पोरांना देत, मतं मागायला येणाऱ्यांना देत, भांडून वेगळ्या झालेल्या पुतण्यालाही देत. पोर वाकलं, हात त्याच्या कपाळाला टेकला, की तोंडातून आपोआप येतंच, “देव तुझं भलं करो.” त्यात विचार करायचा नसतो. पण लेकीला मागायला आलेल्याचं कपाळ वेगळं. त्याला एकदा हात दिला की तो घरचा झाला. मग नाही म्हणायला तोंड उरत नाही.

आणि विन्ह त्यांच्या लेकीला, निंगला, मागायला आला होता.

तो व्हिएतनामहून आमच्याकडे आला मनिलाच्या एका टीव्ही मालिकेच्या पायी. तिचं नाव ‘एकच पातेलं’. व्हिएतनामचा एक नूडलवाला आमच्या मुलखात येतो, एका नारळवालीच्या प्रेमात पडतो. ती आंबट मागते, तो तिखट वाढतो. ती भात म्हणते, तो शेवया म्हणतो. आणि तिचा बाप दोघांनाही काठी घेऊन हाकलतो. बानाहाव डोंगराखालच्या आमच्या नारळीच्या बागा मालिकावाल्यांना पसंत पडल्या, आणि नारळवालीचं घर म्हणून ताता इग्मेंचं घर. खांबांवर उभं, लाकडी, पुढे रुंद पायऱ्या. माझं घर त्याच्या अगदी समोर. माझ्या चुलीपाशी उभं राहिलं की त्या पायऱ्या दिसतात, त्यामुळे मला मालिका टीव्हीवर बघायची गरजच नव्हती. तरी बघायचेच.

नूडलवाल्याचं काम क्विन करायचा. गोरा, देखणा, आमच्याच देशातला, मूळचा पांपांगाचा. व्हिएतनाम त्यानं नकाशातसुद्धा धड पाहिलेला नव्हता. त्याला व्हिएतनामी माणसासारखं अडखळत बोलायला शिकवायचं, हे विन्हचं काम. दुसरं काम उभं राहायचं. दोघांची उंची सारखी, म्हणून लाइट लावून होईपर्यंत क्विनच्या जागी विन्ह उभा. क्विन गाडीत गारव्याला बसायचा, विन्ह उन्हात थांबायचा. लाइट लागले की क्विन यायचा आणि विन्ह बाजूला सरायचा, दुपारची सावली सरावी तसा.

ताता इग्मे ती मालिका एक दिवस चुकवत नसत. जेवणं व्हायच्या वेळी लागायची. ताट मांडीवर, डोळे टीव्हीवर.

“अरे, पोरगा सोन्यासारखा आहे!” ते टीव्हीतल्या बापावर ओरडत. “परका आहे तर काय झालं? देऊन टाक पोरगी, गाढवा!”

आलिंग पुरिंग, त्यांची बायको, शेजारी नारळ खवत बसलेली असे.

“हळू,” ती म्हणायची. “तो बाप तुमच्याच खुर्चीत बसलाय.”

आणि खाली पायऱ्यांपाशी खरा व्हिएतनामी पोरगा लाकडं फोडत असे.

लाकडं त्याला कुणी फोडायला सांगितली नव्हती. पूर्वी आमच्याकडे मुलीला मागणारा तिच्या घरी राबायचा. पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, भात सडायचा. आता कुणी करत नाही. आता मोबाइलवरच सगळं. विन्हला हे कुणी शिकवलं ठाऊक नाही. निंगनंच शिकवलं असणार, असं आम्ही बायका म्हणायचो. निंग शूटिंगच्या माणसांना जेवण रांधायची. पहिल्या दिवशी विन्हनं तिच्या आमटीत आणखी चिंच मागितली. त्या आमटीत चिंच कमी आहे म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मग स्वतः घाल की.” त्यानं घातली. तिनं चाखली. पुढचं आम्हाला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

पण निंगचं एक म्हणणं होतं. तिनं ते विन्हला विहिरीपाशी सांगितलं आणि मी तेव्हा तिथंच कळशी घासत होते.

“बाबांनी हात दिल्याशिवाय मी नाही येणार. रडून येणार नाही, पळून येणार नाही.”

“आणि नाही दिला तर?”

“तर तू जा. मी तुझ्या नावानं कुणाला शिव्या देणार नाही, एवढं नक्की.”

विन्हला इथं राहायची परवानगी मालिकेपुरती होती. मालिका संपली की त्याला गाशा गुंडाळायचा होता. आणि मालिका संपत आली होती.

ताता वाईट माणूस नव्हे. त्यांची थोरली, सोलेदाद, लग्न करून कॅनडाला गेली. तेव्हा त्यांनीच हात दिला होता, आनंदानं दिला होता. बऱ्याच वर्षांनी ती पोरांना घेऊन आली. ताता धुतलेला सदरा घालून पायऱ्यांवर उभे राहिले, हात पुढे करून. नातवानं तो हात धरला आणि हलवला. वर, खाली, वर, खाली, दुकानदाराशी सौदा पटल्यासारखा. नात म्हणाली, “हाय.” ताता हसले. सगळ्यांशी चांगले बोलले. पण त्या दिवशी ते नारळीच्या बागेत गेले ते दिवेलागणीलाच परत आले, आणि पुरिंगनं मला कुंपणावरून सांगितलं, “तो हात बघत बसले होते गं. आपलाच हात.”

शेवटच्या भागाचं शूटिंग ठरलं तो दिवस उजाडला. लिहिलेले संवाद सकाळीच आले, नेहमीसारखे, शाई वाळायच्या आत. त्या दिवशी मागणी व्हायची होती. नूडलवाला आईबापाला घेऊन, अन्न घेऊन मुलीच्या घरच्या पायऱ्या चढतो, तिच्या बापापुढे बसतो, तिला मागतो. बाप हो म्हणतो. तो भाग दुसऱ्याच दिवशी दाखवायचा होता. मालिकांचं काम असंच, आज रांधायचं, उद्या वाढायचं.

आणि बापाचं काम करणाऱ्या नटाचा पाय सुजला. आदल्या दिवशी कुणाच्या तरी बारशाला अख्ख्या भाजलेल्या डुकरावर त्यानं ताव मारला होता. सकाळी पाय टेकवेना. त्याचा फोन आला तेव्हा दिग्दर्शिका ओफे, ज्यांना सगळे ‘दिरेक’ म्हणत, पायरीवर बसून ओरडल्या, “मला त्याचा पाय नकोय! मला त्याची पाठ हवीय!”

मग त्यांची नजर ताता इग्मेंच्या पाठीवर गेली. तशीच रुंद, तशीच थोडी वाकलेली.

“ताता, तुम्ही बसता का?”

“मी? मला काय येतं?”

“काही नाही यायला लागत. पाठमोरं बसायचं. हात टेबलावर ठेवायचे. तो हात घेईल, तुम्ही ‘हो’ म्हणायचं. चेहरा आम्ही नंतर त्याचा लावू, जुन्या भागांतला.”

पुरिंग दारातून म्हणाली, “घ्या. तुम्ही इतके दिवस त्या बापाला शिकवत होता ना, आता स्वतः करून दाखवा.”

ताता बसले. आम्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना भिंतीशी बसवलं. मागणीच्या वेळी घर भरलेलं हवं. कोपऱ्यात शेतकऱ्यांच्या संताची, सान इसिद्रोची मूर्ती, तिच्यापुढे खरीच फुलं. सगळं खोटं मांडायला आलेल्या माणसांनी त्या घरातलं बरंच काही खरंच ठेवलं होतं, एवढं म्हणायला हवं.

लाइट लावायचे होते, म्हणून क्विन गाडीतच. त्याच्या जागेवर विन्ह येऊन बसला. क्विनच्या मालिकेतल्या आईबापाच्या जागी लाइटवाला बोयेत आणि कपडे सांभाळणारी एक बाई. टेबलावर शेवयांची परात, चमकावी म्हणून तिच्यावर तेल मारलेलं. सगळे आपापल्या जागी. तातांनी नेहमीप्रमाणे कॉफीचा पेला जवळ ओढला.

“पेला नको, ताता,” कॅमेरावाला म्हणाला. “लाइटमध्ये चमकतो.”

पेला गेला. ताता खिशाकडे वळले.

“हात टेबलावर, ताता. दोन्ही. उताणे नको, पालथे.”

मी त्यांचे हात इतके रिकामे कधी पाहिले नव्हते. दोन म्हातारी पाखरं फांदीवर बसवावी तसे ते टेबलावर बसले.

“चला, एकदा नुसतं करून बघू,” दिरेक म्हणाल्या. “विन्ह, तुला क्विनचे संवाद पाठच आहेत. बोल. लाइट कुठं पडतो बघते.”

विन्हनं तोंड उघडलं. ताता म्हणाले, “थांब.”

“काय झालं, ताता?”

“कुणी चढलं नाही.”

“म्हणजे?”

“पायऱ्या. हे सगळे आधीपासूनच माझ्या घरात बसलेत. आले कधी? कुठून आले? भिंतीतून?”

“ताता, चढतानाचं नंतर घेऊ. उन्हं कलली की. मग सगळं जोडतो आम्ही.”

“तुम्ही जोडाल हो. पण चढल्याशिवाय मागणी होत नाही. आणि ही,” त्यांनी परातीकडे बघितलं, “ही कोण खाणार? हिला तेलाचा वास येतोय.”

“खायची नाहीये ती, ताता. दिसायला आहे.”

“म्हणजे न चढलेल्या माणसांनी आणलेलं, न खायचं अन्न पुढे ठेवून मी सान इसिद्रोसमोर हो म्हणू? माझ्या घरात?”

दिरेकनी आढ्याकडे बघितलं. “अहो, खोटं आहे हे, ताता!”

“ते तुमचं खोटं असेल. घर माझं आहे.”

बोयेत हळूच म्हणाला, “दिरेक, चढून येऊ द्या ना. मला तेवढ्यात वायर बदलता येईल.”

तर सगळे खाली उतरले. विन्ह खाली गेला आणि जेवणाच्या तंबूकडे वळला. आला तेव्हा त्याच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. शेवटचा दिवस म्हणून त्यानं पहाटेच सगळ्यांसाठी केलं होतं: चिकट तांदूळ, आत केळं, नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात बांधलेले. आमच्या सुमानसारखेच, फक्त गाठ वेगळी. बेन त्रेला, त्याच्या गावी, असे करतात म्हणे. तिकडेही सगळ्या नारळीच्याच बागा आहेत.

तो पहिल्या पायरीशी थांबला. त्याच्या मागे बोयेत, खांद्यावर वायरीचं वेटोळं, आणि कपड्यांची बाई, तोंडात टाचण्या. अशी मिरवणूक आमच्या गावानं पूर्वी पाहिली नव्हती. कुणी हसलं नाही. तेवढ्यात आत चुलीपाशी पुरिंगनं गायला सुरुवात केली, आवाज न चढवता, खोबरं खवताना गातो तसं. आम्ही भिंतीशी बसलेल्या बायकांनी ते उचललं:

पायरी गं पायरी, कोण चढून आलं?
हाती त्याच्या पातेलं, अंगण वाफाळलं.
पायरी गं पायरी, कोण दारी थांबलं?
लेकीचं गं नाव त्यानं हळूच मागितलं.

“यांना गायला कुणी सांगितलं?” दिरेकनी विचारलं. कुणीच सांगितलं नव्हतं.

विन्ह चढला. पातेलं टेबलावर ठेवलं. तातांपुढे बसला. तातांनी एक पान सोडलं, घास घेतला, बराच वेळ चावला.

“नारळ कुठला?”

“तुमच्याच बागेतला, ताता. निंगनं दिला.”

“तरीच. पण दूध कमी घातलंस. तुझी माणसं कुठं आहेत?”

हा प्रश्न लिहिलेल्यात नव्हता. दिरेकनी हात वर केला, मग कुणास ठाऊक का, खाली घेतला.

“वडील नाहीत,” विन्ह म्हणाला. “आई आहे. तिचे गुडघे गेलेत. तिला या पायऱ्या चढवणार नाहीत.”

“माझ्या लेकीला नेशील?”

क्विनचा संवाद इथं असा होता, की जिथं माझं घर तिथं तिचं घर, आणि मग वाजंत्री. विन्हला तो पाठ होता. त्यानंच तो क्विनकडून घोटून घेतला होता. पण त्यानं तो म्हटला नाही.

“नेईन, ताता. आईजवळ कुणी नाही. इथंच राहीन असं खोटं नाही सांगत. पण दर वर्षी आणीन. पोरं झाली तर त्यांना घेऊन येईन. आणि ती आधी पायऱ्या चढतील, तुमचा हात कपाळाला लावतील, मगच पाणी मागतील. हे मी शिकवीन. हे आम्हालाही कळतं.”

निंग तंबूतून येऊन पायऱ्यांच्या खाली उभी होती, हातात डाव तसाच. तिला वरचं दिसत नव्हतं, ऐकू येत होतं.

विन्ह वाकला. त्यानं तळवा पुढे केला नाही. तातांचा हात समोर पालथा पडलेलाच होता. त्यानं तो उचलला, जड वस्तू उचलतात तसा, दोन्ही हातांनी, आणि कपाळाला लावला.

“देव तुझं भलं करो,” ताता म्हणाले.

ते आपोआपच आलं. आल्यावर त्यांना ऐकू गेलं. त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं, मग चुलीकडे, मग विन्हच्या वाकलेल्या मानेकडे.

“हो,” ते म्हणाले. लिहिलेल्यापेक्षा हळू.

खाली डाव पडल्याचा आवाज झाला.

“छान!” दिरेक म्हणाल्या. “लाइट छान आहे. असंच करायचं. क्विनला बोलवा. विन्ह, ऊठ.”

विन्ह उठला, बाजूला सरला. क्विन आला, गार हवेतून आल्यामुळे ताजा टवटवीत. त्याच्या खऱ्या, म्हणजे मालिकेतल्या आईबापांसह तो पायऱ्या चढला. आता तेही घ्यायचं ठरलं होतं. बसला. संवाद म्हणाला, घर, घर, वाजंत्री. वाकला. हात पुढे केला.

ताता इग्मेंनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

“कट! ताता?”

“मी हो म्हटलंय.”

“ते नुसतं करून बघितलं, ताता. कॅमेरा बंद होता.”

“कॅमेऱ्याला कोण हो म्हणालं? पोराला म्हणालो. तो चढला, मी त्याचं खाल्लं, त्याला हात दिला. आता त्याच खुर्चीवर, त्याच दिवशी, दुसऱ्याला तीच पोरगी देऊ? मी काय वेडा आहे?”

“ही तुमची पोरगी नाही! ही मालिकेतली!”

“खुर्ची माझी आहे.”

दिरेकनी समजावलं. कॅमेरावाल्यानं समजावलं. मालिकेतल्या आईनं आपल्याला संध्याकाळच्या आत मनिला गाठायचीय म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. तिला ते लवकर येतं. ताता बधले नाहीत. पुरिंगला मध्ये पडायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “इतक्या महिन्यांनी एकदाचा सुटलाय हात. मी तो परत बांधायला लावणार नाही. तुमचं तुम्ही बघा.”

उन्हं कलायला लागली. उद्या जेवणाच्या वेळी अख्खा देश मागणी बघायला बसणार होता.

क्विनच हसत उठला. “दिरेक, त्यालाच बसवा. पाठमोरं घ्या. माझ्यापेक्षा तो बरा वाकतो, तसाही.” आणि त्यानं अंगातला सदरा काढून विन्हला दिला.

विन्ह पुन्हा आला. तातांनी हात टेबलावर ठेवला, स्वतःहून. एका झटक्यात झालं. दिरेकनी दुसऱ्यांदा घ्यायचा विचारही केला नाही.

दुसऱ्या दिवशी शूटिंगवाल्यांच्या गाड्या गेल्या होत्या, तंबू उतरला होता. विन्ह मात्र राहिला होता, माझ्या मागच्या खोलीत. परवानगीचे थोडे दिवस बाकी होते आणि कागदपत्रांची धावपळ सुरू झाली होती. जेवणाच्या वेळी गावातली निम्मी माणसं ताता इग्मेंच्या घरी, बाकीची पायऱ्यांवर. मालिकेत क्विनचा चेहरा दिसला, मग पायऱ्या, मग टेबल. मग एक वाकलेली मान, उन्हानं रापलेली, कानामागे विळ्याचा जुना वण असलेली. क्विनच्या कानामागे वण नाही. ते देशात आणखी कुणाच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. आमच्याकडे सगळे एकदम ओरडले.

मग एक म्हातारा हात त्या कपाळाला टेकला.

“माझा हात किती म्हातारा दिसतो,” ताता म्हणाले.

“आहेच,” पुरिंग म्हणाली.

जाहिराती लागल्या. विन्ह विहिरीवरून पाणी घेऊन आला होता आणि पायऱ्यांच्या खाली उभा होता. गर्दी बघून वर यावं की नाही, त्याला कळत नव्हतं. निंगनं त्याच्या हातातली बादली घेतली आणि त्याला पुढे ढकललं. वर तातांच्या एका हातात कॉफीचा पेला होता. दुसऱ्या हातात, सवयीनं, कोंबडा.

तातांनी विन्हकडे बघितलं. मग वाकून कोंबडा सोडला. तो फडफडत लोकांच्या डोक्यांवरून गेला.

“ये वर,” ते म्हणाले, आणि मोकळा हात पुढे केला. “लवकर ये. जाहिराती संपतील.”